बंद दुकानापुढची रांग

त्या शनिवारी दुपारी एक वाजता नॉर्मन ऑग्डेन घराबाहेर पडला, तो फक्त एक वाक्य बोलण्यासाठी. वाक्य तसं लहानसंच होतं. 'बेरिल, तुम्ही जाऊ नका, माझ्याशी लग्न करा.' एवढंच. पण सत्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात नॉर्मनने हे वाक्य कोणालाच म्हटलं नव्हतं, आणि बेरिल हॉवर्थला तर गेली अकरा वर्षं, दर गुरुवारी कालव्याकाठी फिरताना, म्हणायचं राहून जात होतं. कधी बदकं आडवी यायची, कधी पाऊस यायचा, कधी नॉर्मनच्या बुटाची नाडी सुटायची. आता मात्र गुरुवार उरले नव्हते. अडीचच्या बसने बेरिल समुद्रकाठी भाचीकडे राहायला चालली होती. कायमची.

बस टाउन हॉलच्या चौकातून सुटायची. नॉर्मनच्या घरापासून चौक चालत दहा मिनिटांवर. तरीही तो दीड तास आधी निघाला, कारण त्याला स्वतःचा स्वभाव ठाऊक होता. गिरण्या चालू होत्या तेव्हा तो माग दुरुस्त करायचं काम करी. बंद पडलेल्या मागाकडे बघता बघता तो असा हरवायचा की विणकर बायका त्याच्या टोपीत सुताच्या कांड्या ठेवून जायच्या आणि ते त्याला घरी गेल्यावर कळायचं. ब्रॅकनशॉ गावात माग दुरुस्त करणाऱ्यांच्या वेंधळेपणाचे किस्से पिढ्यान् पिढ्या सांगतात. त्यातले काही नॉर्मनच्या आजोबांच्या वेळचे होते, पण तेही आता नॉर्मनच्याच नावावर खपत.

ऑक्टोबरचं मऊ ऊन पडलं होतं. गिरण्यांची धुराडी धुक्यात अर्धीच दिसत होती, जणू कोणी ती चितारायला घेऊन मध्येच चहाला उठलं असावं. नॉर्मन वाक्य पुटपुटत चालला होता. वाटेत को-ऑपचं जुनं दुकान लागलं. हे सहकारी दुकान विणकरांनी काढलेलं, विणकरांच्याच मालकीचं. दारावर दगडात कोरलेलं मधमाश्यांचं पोळं. आठ वर्षांपूर्वी ते बंद पडलं आणि काचेवर फळ्या ठोकल्या गेल्या. पण गेल्या बुधवारी कोणीतरी त्या फळ्या काढल्या आणि काच लख्ख पुसली. का, ते कोणालाच कळलं नव्हतं. तीन दिवस गावात दुसरा विषय नव्हता.

पुसलेल्या काचेत नॉर्मनला आपला टाय वाकडा दिसला. तो थांबला, टाय सरळ केला आणि काचेतल्या माणसाला म्हणाला, "बेरिल, तुम्ही जाऊ नका."

काचेतला माणूस घाबरलेला दिसत होता. त्याला धीर द्यावा म्हणून नॉर्मन जरा जवळ सरकला, आणि मग त्याला काचेपलीकडचं दिसू लागलं. रिकामं लांब काउंटर. त्याच्यामागे रिकामी फडताळं. बघता बघता ती भरू लागली. चहाच्या पेट्या आल्या, लोण्याचा पिवळा डोंगर आला, लाकडाचा भुसा टाकलेल्या फरशीवर आईच्या खडावा वाजल्या. आई म्हणत होती, "नॉर्मन, आपला नंबर सांग बघू." आणि पाच वर्षांचा नॉर्मन ताठ उभा राहून सांगत होता, "नऊ हजार चारशे बारा." ब्रॅकनशॉमध्ये मुलांना घरचा पत्ता येण्याआधी आईचा सभासद-नंबर यायचा. माणसं बाकी सगळं विसरत, पण तो नंबर शेवटपर्यंत विसरत नसत.

टाउन हॉलच्या घड्याळात पावणेदोनचा ठोका पडला तेव्हा नॉर्मन भानावर आला. अजून वेळ होता. तो निघण्यासाठी वळला आणि एका मोठ्या पिशवीवर आदळला.

पिशवी ग्लॅडिस कर्शॉची होती. ग्लॅडिस साठीला टेकलेली, अंगाने भरलेली, शाळेत सगळ्या पोरांना जेवण वाढून आवाज मोठा झालेली बाई. तिच्या मागे एक माणूस उभा होता. त्याच्या मागे आणखी एक. मोजले तर सतरा भरले.

"कधी उघडणार रे?" ग्लॅडिसने विचारलं.

"काय?"

"दुकान! सकाळपासून उभा असशील ना तू?"

"नाही गं, मी एकटाच... म्हणजे मी सहज उभा होतो. काचेत बघत."

"सहज!" ग्लॅडिसने मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "हा म्हणतो, सहज उभा आहे! ओठ हलत होते याचे. काय काय घ्यायचं ते पाठ करत होतास ना? मी बघितलंय."

"खरंच सांगतो, इथे काही नाही. मला चौकात जायचंय."

यावर रांगेत समजूतदार हसू पसरलं. नसरीन, औषधांच्या दुकानातली, लहानपणापासून नॉर्मनच्या शेजारी वाढलेली, ती पण हसली. "नॉर्मनकाका, साखरेच्या टंचाईत तुमचे वडील असंच म्हणायचे म्हणे. 'इथे काही नाही, घरी जा.' आणि पोतं घेऊन निघायचे."

"ते माझे वडील नव्हते, ते पलीकडच्या गल्लीतले..."

"राहू द्या काका. आम्ही नाही जात."

नॉर्मन हा कोणाचं मन न मोडणारा माणूस होता. आपण रांगेतून निघून गेलो तर ही सतरा माणसं फसवल्यासारखी होतील, असं त्याला वाटलं. शिवाय चौक समोरच दिसत होता, आणि बस यायला बराच अवकाश होता. दहा मिनिटं थांबू, लोक कंटाळून आपोआप पांगतील, असा त्याने हिशेब केला. तो चुकला. ब्रॅकनशॉचा माणूस रांग दिसली की तिला लागतो, आणि लागल्यावर कशाची आहे हे विचारणं असभ्यपणाचं समजतो. दहा मिनिटांत रांग केशकर्तनालयापर्यंत गेली आणि फ्लास्कांची झाकणं उघडली. आल्याच्या केकचा डबा पुढून मागे गेला, मागून रिकामा पुढे आला.

एवढ्या लोकांनी नुसतं उभं राहणं आर्नल्ड पिलिंगला सहन होणं शक्यच नव्हतं. आर्नल्ड गावातल्या सगळ्या मंडळांचा चिटणीस होता: शर्यतीच्या कबुतरांच्या, बँडच्या, भाजीपाल्याच्या मळ्यांच्या. तो अकराव्या नंबरवर उभा होता. तिथून तो रांग न मोडता, एक पाय रांगेत ठेवून, बाहेर वाकला.

"मित्रहो! हे दुकान सभासदांचं आहे. तेव्हा रांगही सभासद-नंबरानेच लागली पाहिजे. माझा ठराव असा, की ज्याच्या आईचा नंबर लहान, तो पुढे."

"तुझ्या आईचा किती होता?" ग्लॅडिसने डोळे बारीक केले.

"आठशे चार."

"वाटलंच मला! पहिलीत पण पुढच्या बाकासाठी असंच करायचास."

नॉर्मनला मात्र एकदम उजाडल्यासारखं झालं. नऊ हजार चारशे बारा! हा ठराव पास झाला तर तो थेट रांगेच्या शेपटाला जाईल, आणि शेपूट आता चौकाकडे सरकत होतं. म्हणजे सभ्यपणे, नियमाने, कोणाचंही मन न मोडता तो बसपाशी पोचेल. त्याने उत्साहाने दोन्ही हात वर केले.

"नॉर्मन, एक खाली घे," आर्नल्ड कडक आवाजात म्हणाला. "एक माणूस, एक मत."

तेवढ्यात नसरीन बोलली. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू आलं. "माझ्या अब्बांचा नंबर चौदा हजार तीन. रात्रपाळी संपली की ते घरी न जाता याच दारात उभे राहायचे, लोणी ताजं मिळतं म्हणून. त्यांच्यापुढे कोणी घुसलं नाही आणि ते कोणाच्या पुढे घुसले नाहीत. मग आज मी सगळ्यांच्या मागे का?"

मग ग्लॅडिस म्हणाली, "बरोबर आहे पोरीचं. आला तसा उभा." ठराव सदतीस विरुद्ध दोन असा पडला. आर्नल्डने स्वतःच्या वहीत तो मन लावून लिहून घेतला.

पण लोकांच्या मनात एक गोष्ट राहिली होती. दुसरं मत कोणाचं होतं? नॉर्मनचं! रांगेत पहिला उभा असलेला माणूस, आपला पहिला नंबर जाईल असा ठराव, आणि त्यालाच त्याने हात वर केला, तोही दोन्ही!

"याला म्हणतात माणूस," मागून कोणीतरी म्हणालं.

"अध्यक्ष करा त्याला!"

"अहो, नको..." नॉर्मन म्हणाला. लोकांनी त्यातही विनय पाहिला. अध्यक्ष तो एकमताने झाला. दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

अध्यक्ष झाल्याबरोबर नॉर्मनने पहिलं काम म्हणून सभा संपवण्याचा प्रयत्न केला. आर्नल्डने त्याला समजावलं, की विषयच ठरलेला नाही तर सभा संपेल कशी. "आधी ठरवू की आपण कशासाठी उभे आहोत."

हा मुद्दा सगळ्यांना एकदम पटला. ग्लॅडिसला बेकरी हवी होती. मांस भरलेली चांगली पेस्ट्री या गावात मिळत नाही, असं तिचं म्हणणं. चार म्हाताऱ्यांना वरच्या मजल्यावरचा नाचाचा हॉल हवा होता, तिथे त्यांची लग्नं जमली होती. नसरीनला वाटत होतं, शाळा सुटल्यावर मुलांना बसून वाचता येईल अशी एक उबदार खोली असावी. बोलता बोलता सगळे काचेकडे बघू लागले आणि प्रत्येकाला आत आपापलं दुकान दिसू लागलं. ग्लॅडिसने तर नाक वर करून वासही घेतला. नॉर्मनला ते ओळखीचं वाटलं. आपण एकटेच हरवणारे नाही, हे त्याला सत्याहत्तराव्या वर्षी कळत होतं, आणि एरवी त्याला त्याचा आनंद झाला असता.

पण घड्याळात सव्वादोन झाले होते.

"मला जायचंय," तो म्हणाला.

"चालू मतदानात?" आर्नल्डने विचारलं.

"माझं काम आहे. महत्त्वाचं आहे."

"मग तशी सूचना मांड. तिला अनुमोदन लागेल. मग चर्चा. मग..."

"आर्नल्ड, चर्चा किती वेळ चालेल?"

"तिला वेळेची मर्यादा घालायची असेल, तर तो वेगळा ठराव."

मतदान झालं. खाली बेकरी, वर नाच, मागच्या खोलीत मुलं, असं सगळंच पास झालं. चालवायचं कोणी, तर सगळ्यांनी. रांगेतून टाळ्या वाजल्या. टाळ्या पुढून मागे गेल्या, कारण मागच्यांना निकाल उशिरा कळत होता. त्या टाळ्यांबरोबर नॉर्मनची नजरही रांगेवरून मागे मागे गेली. केशकर्तनालय, पोस्ट, चौक. आणि चौकात वळणाऱ्या बसचा पांढरा पुढचा भाग त्याला दिसला.

मग नॉर्मनने असं काही केलं, की जे ब्रॅकनशॉमध्ये कोणी केलेलं कोणाला आठवत नव्हतं. तो पहिला नंबर सोडून रांगेबाहेर पडला.

"नॉर्मन!" ग्लॅडिस किंचाळली. "अरे, तुझा नंबर!"

तो पळू लागला. सत्याहत्तर वर्षांच्या गुडघ्यांनी जमेल तसा. रांगेतले चेहरे एकामागून एक मागे जाऊ लागले, कोणाच्या हातात कप, कोणाच्या मिशीला केकचा चुरा. 'बेरिल, तुम्ही जाऊ नका,' तो श्वासागणिक म्हणत होता. बस थांबली. दार उघडलं. पोस्टापाशी त्याच्या कुशीत कळ आली, तो खांबाला धरून उभा राहिला. दार मिटलं. बस निघाली, कोपऱ्यावर वळली आणि धुक्यात शिरली. गेली.

नॉर्मन पुढे चालत राहिला, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. अकरा वर्षांत साडेपाचशेच्या वर गुरुवार येतात, असं त्याच्या मनात आलं, आणि एकाही गुरुवारी आपल्याला दोन मिनिटं सापडली नाहीत. त्याची नजर जमिनीवर होती. म्हणून त्याला आधी सूटकेस दिसली, मग तिच्यावर टेकलेली बाई, आणि मग जांभळी टोपी.

बेरिल हॉवर्थ रांगेत बसली होती. शेवटून पाचवी.

"बेरिल! तुमची बस!"

"गेली. पाहिली मी."

"मग चढला का नाहीत?"

"कशी चढणार? माझ्या मागे चार माणसं आहेत, नॉर्मन. दहा मिनिटं झाली मी इथे आहे. नंबर सोडून जायचं?" बेरिलच्या स्वरात खरं आश्चर्य होतं. तिने छत्तीस वर्षं पहिलीच्या मुलांना शिकवलं होतं, आणि रांग हा धडा सगळ्यात आधी घेतला होता. "पण ही रांग आहे तरी कशाची? पुढचे म्हणतात बेकरीची, मागचे म्हणतात नाचाची. तुम्हाला ठाऊक आहे?"

नॉर्मनने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्याला मागे पावलांची खसफस ऐकू आली. त्याने वळून पाहिलं. अध्यक्ष रांगेच्या शेपटाला गेले, म्हणजे रांगेचं तोंड आता तिकडे असणार, असं समजून सगळी रांग शिस्तीत मागे वळली होती. साठ-पासष्ट माणसं दुकानाकडे पाठ करून त्या दोघांकडे बघत उभी होती. कोणी कोणाला ढकललं नव्हतं.

"ही माझी रांग आहे," नॉर्मन म्हणाला. "म्हणजे माझ्यामुळे लागली. मी काचेत बघून एक वाक्य पाठ करत उभा होतो. तुम्हाला म्हणायचं होतं."

"काय होतं वाक्य?"

"जाऊ नका. लग्न."

"पूर्ण वाक्यात, नॉर्मन."

रांगेतल्या निम्म्याहून अधिक माणसांच्या पाठी आपोआप ताठ झाल्या. आर्नल्डने वही बंद केली.

नॉर्मनने टाय सरळ केला. "बेरिल, तुम्ही जाऊ नका, माझ्याशी लग्न करा," तो म्हणाला. एकही शब्द चुकला नाही.

टाउन हॉलच्या छतावर कबुतरं घुमत होती. मग दुकानाच्या टोकाकडून ग्लॅडिसचा आवाज आला, "अनुमोदन!"

"विरोधात कोणी?" आर्नल्डने विचारलं. "तटस्थ?"

"आर्नल्ड पिलिंग, हात खाली," बेरिल म्हणाली. "यात तुझं मत नाही. कोणाचंच नाही. माझं एकटीचं आहे." आणि मग नॉर्मनकडे वळून, हळू आवाजात, "दर गुरुवारी पुलाखाली गेलो की मी दोन मिनिटं गप्प व्हायचे. मुद्दाम. तुम्हाला जागा मिळावी म्हणून. आणि तुम्ही बदकं मोजायचात."

"मला वाटायचं, तुम्हाला बदकं आवडतात."

"मला बदकं मुळीच आवडत नाहीत. घाण करतात."

"मग उत्तर?"

"हो."

"पूर्ण वाक्यात," नॉर्मन म्हणाला. हे कसं बोललो, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

बेरिल हसली. सूटकेसवरून उठली, स्कर्ट झटकला. "हो, नॉर्मन, मी जात नाही, आणि मी तुझ्याशी लग्न करीन. चल आता, ही पेटी धर."

त्याने पेटी धरली. दोघं कालव्याच्या वाटेला लागले. ऊन आणखी मऊ झालं होतं, पाण्यावर धुकं उतरत होतं, आणि धुराड्यांची उलटी चित्रं त्यात तरंगत होती. थोडं अंतर गेल्यावर नॉर्मनला पावलांचा आवाज आला. पुष्कळ पावलांचा, पण घाई नसलेला.

"बेरिल," तो म्हणाला, "रांग मागे येते आहे."

बेरिलने वळून पाहिलं. अध्यक्ष पुढे सरकले म्हणून रांगही पुढे सरकली होती, एकेक पाऊल, कपातला चहा न सांडता. चौकातून ती वळली होती आणि कालव्याकाठी, पाण्याला अगदी लागून, एका ओळीत येत होती. बेरिलच्या कपाळावर आठी पडली. पाण्याकाठची वाट अरुंद असते.

"सगळ्यांनी थांबा!" तिने हाक दिली. साठ-पासष्ट माणसं थांबली. "दोघादोघांच्या जोड्या करा. पाण्याकडच्याने हात सोडायचा नाही."

नसरीनने शेजारच्या म्हाताऱ्याचा हात धरला. जोड्या लागत गेल्या. सगळ्यांत मागे ग्लॅडिस आणि आर्नल्ड उरले, आणि आर्नल्डने घसा खाकरला.

"हात दे," ग्लॅडिस म्हणाली. "आणि यावर चर्चा नको."